बासष्ट किलोंचा कोट

आमच्या दुकानात काचेच्या कपाटात एक कोट टांगलेला असायचा. गडद निळा, दोन बटणांचा, आतून राखाडी अस्तर. अस्तराचं काम दिसावं म्हणून कायम उघडा टांगलेला. तो विकायचा नव्हता. दाजींच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या, लग्नातला कोट होता तो, आणि दाजींनी स्वतःच शिवलेला. नवीन गिऱ्हाईक आलं की दाजी आधी त्याला त्या कपाटासमोर उभं करायचे. "हे बघा काम. पंचविशीत होतो तेव्हा मी." गिऱ्हाईक कोटाकडे बघायचं, मग दाजींकडे बघायचं, मग पुन्हा कोटाकडे. सभ्य माणूस तिथंच थांबायचा. आगाऊ माणूस विचारायचा, "हा तुम्हाला बसायचा?"

"बसायचा म्हणजे? अंगासरशी बसायचा," दाजी म्हणायचे आणि गळ्यातली टेप ओढून कामाला लागायचे. कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात. डांबराच्या गोळ्या बदलायला तेवढं ते कपाट उघडायचे, तेही आम्हाला लांब उभं करून.

मी त्या दुकानात काज-बटण करणं, तुरपाई करणं आणि तोंड वाजवणं अशी तीन कामं करते. पगार पहिल्या दोन कामांचा मिळतो. माझा स्वतःचा संसार लवकर आटोपला, त्याची गोष्ट सांगण्यासारखी नाही. तेव्हापासून मी ताईकडेच आहे. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा. पडद्याच्या अलीकडचं काही पलीकडे लपत नाही, त्यामुळे दाजींबद्दल मला जे माहीत आहे ते ऐकीव नाही.

दाजी कोटाचे कारागीर. पँटी, शर्ट सगळंच शिवायचे, पण नाव कोटाचं. आणि त्यांची एक अट सगळ्या गावाला ठाऊक होती. माप देताना माणूस आरशासमोर उभा राहिला की त्याच्या नकळत पोट आत जातं आणि छाती बाहेर येते. मोठमोठे हुद्देवाले, पोट ज्यांच्या आधी घरात शिरतं असे, टेप दिसली की शाळेच्या कवायतीला उभे. दाजी टेप कमरेभोवती घालायचे आणि तशीच धरून थांबायचे. काही बोलायचे नाहीत. माणूस किती वेळ श्वास धरणार? शेवटी भस्सकन सोडायचा, पोट जागेवर यायचं, आणि दाजी माप सांगायचे. कुणी फारच ताणून धरलं तर म्हणायचे, "साहेब, श्वास सोडा. श्वास धरून दिलेल्या मापाचा कोट मी शिवून देईन, पण मग तो घालायचासुद्धा श्वास धरूनच."

एवढा शहाणपणा दुसऱ्यांच्या पोटाबद्दल. स्वतःच्या पोटाबद्दल मात्र अक्कल गहाण.

त्यांना मधुमेह होऊन चारेक वर्षं झाली होती. गोळ्या चालू होत्या आणि चहात साखरही चालू होती, दोघींचं चांगलं जमलं होतं. ताई ओरडायची, दाजी ऐकायचे नाहीत, मी मधे फोडणी घालायची, असं आमचं सुरळीत चाललं होतं. मग एके दिवशी दुपारी दाजींनी सुई माझ्यापुढे धरली. "जरा दोरा ओवून दे गं. उजेड नाहीये." बाहेर टळटळीत ऊन होतं. मी दोरा ओवून दिला आणि पहिल्यांदाच तोंड वाजवलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा उजेड नव्हता. तिसऱ्या दिवशी ताईने त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. मीही गेले, कारण दाजी घरी येऊन डॉक्टरांचं बोलणं कापून-बेतून सांगतात.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, बोलायला सरळ. डोळ्यांच्या तपासणीचा कागद बघून म्हणाल्या, "डोळ्यांच्या आतल्या पडद्यावर बारीक ठिपके आलेत. आत्ता थोडे आहेत. साखर अशीच राहिली तर वाढतील. काम काय करता?"

"कोट शिवतो," दाजी म्हणाले.

बाईंनी कागद पुन्हा बघितला आणि दाजींना काट्यावर उभं केलं. शहाण्णव.

"सहा किलो कमी करायचे," त्या म्हणाल्या. "सावकाश. सहा-सात महिने घ्या."

"सहा?" दाजींचा असा चेहरा झाला की जणू कुणी त्यांना रुमाल शिवायला सांगितला. "बाई, सहा किलोंनी काय होतंय? सहा किलो तर माझ्या अंगावर कुठं आहेत ते मलाही सापडायचे नाहीत."

"पुष्कळ होतं. तेवढ्यानेसुद्धा साखर ताळ्यावर येते, रक्तदाब उतरतो, एखादी गोळी कमी करता येते. डोळे आहेत तिथं राहायची शक्यता वाढते. आणि उतरवलेलं टिकवणं उतरवण्यापेक्षा अवघड असतं, तेवढं जमलं की पुढचं बघू."

"माझं मूळ वजन बासष्ट आहे. उतरवायचं तर तिथवर उतरवतो."

"बासष्ट कधी मोजलं होतं?"

"मोजायचं कशाला?" दाजी म्हणाले. "माझ्या लग्नातला कोट आहे, छत्तीस छातीचा. माझ्या उंचीला छत्तीस छाती म्हणजे बासष्ट किलो. माणूस बघून मी वजन सांगतो. तुम्ही पंचावन्न."

बाई छप्पन्न निघाल्या असाव्यात, कारण त्या किंचित रागावल्या. "हे बघा, कोट बाजूला ठेवा. नव्वद लक्षात ठेवा. आणि एक गोष्ट नीट ऐका. या गोळ्या घेऊन उपाशी राहायचं नाही. जेवण चुकवलंत तर साखर एकदम खाली जाईल, घाम फुटेल, हात कापतील, चक्कर येईल. कळलं?"

दाजींनी मान डोलावली. गिऱ्हाईक फॅशन शिकवायला लागलं की ते अशीच मान डोलावतात. म्हणजे त्यांनी काही ऐकलेलं नसतं.

घरी येताना त्यांनी रस्त्यातच जाहीर करून टाकलं. लग्नाचा तिसावा वाढदिवस सात महिन्यांवर आला होता. त्या दिवशी ते तो निळा कोट घालणार, बटण लावून. हे त्यांनी मला सांगितलं, ताईला सांगितलं, मग औषधाच्या दुकानदाराला सांगितलं, आणि त्याला सांगणं म्हणजे गल्लीत दवंडी. संध्याकाळपर्यंत समोरचा चष्मेवालासुद्धा विचारून गेला, "काय मास्तर, कोट बाहेर काढताय म्हणे?"

ताई काहीच बोलली नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. एरवी मिठाच्या बरणीचं झाकण उघडं राहिलं तरी तासभर बोलणारी बाई ती.

पहिले दोन-अडीच महिने, खोटं कशाला बोलू, दाजींनी कमाल केली. चहातली साखर गेली. बशीभर बिस्किटं गेली. ताटात भात निम्मा, भाज्या दुप्पट. सकाळी दुकान उघडण्याआधी चालायला जायचे आणि परत येताना ओळखीच्या लोकांच्या कपड्यांना नावं ठेवत यायचे, म्हणजे करमणूकही व्हायची. औषधाच्या दुकानाबाहेर वजनाचं यंत्र होतं, आकडा मोठ्याने बोलणारं. दाजी त्यावर चढताना चपला काढायचे, मग पट्टा, मग गळ्यातली टेप, मग खिशातला खडू. एकदा चष्मा काढला आणि मग आकडा दिसेना. यंत्र बोललं म्हणून निभावलं. ब्याण्णव म्हणालं ते.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई खूश झाल्या. साखर उतरली होती. "छान चाललंय. असंच सावकाश चालू द्या," त्या म्हणाल्या. दुसरं कुणी असतं तर हरखून गेलं असतं. दाजी मात्र तोंड पाडून घरी आले. दुकानाची पुढची फळी लावून घेतली, कपाट उघडलं, कोट काढला आणि ट्रायल रूमच्या पडद्यामागे गेले. बराच वेळ आतून नुसतं फुसफुस ऐकू येत होतं. बाहेर आले तेव्हा कोट हातावर होता आणि चेहरा इस्त्री न केलेला.

"किती राहिलं?" मी विचारलं.

"आहे थोडं," ते म्हणाले. 'थोडं' म्हणजे एक हात होता. पडद्याला मधे फट आहे, मी बघितलं होतं.

तिथून त्यांचं डोकं फिरलं. चार किलो कमी करून कोट पुढे येईना म्हटल्यावर त्यांनी जेवणावरच कात्री चालवली. सकाळचं खाणं बंद. रात्री नुसता उकडलेला कोबी, त्या वासाने अस्तराचं कापडसुद्धा विटलं असेल. आणि गोळ्या? गोळ्या मात्र वेळच्या वेळी, कारण "डॉक्टरांचं ऐकायला नको का?" ताई ताट वाढून बसायची, दाजी पाण्याचा तांब्या रिकामा करून उठायचे. पोटात कावळे ओरडत असले की माणूस दुसऱ्यांवर ओरडतो. माझी तुरपाई वाकडी, ताईने लावलेला दिवा मंद, चष्मेवाल्याची पाटी डोळ्यात खुपते, सगळ्या जगात खोट निघाली.

मग हात कापायला लागले. आधी खडूची रेघ हलायची. मग एके दिवशी त्यांनी बँकेच्या साहेबांच्या पँटचं कापड कापलं आणि दोन्ही पाय उजवेच कापले. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. दोन उजवे पाय टेबलावर शेजारी शेजारी ठेवून दाजी बघत बसले होते. मी म्हणाले, "साहेबांना विचारून बघू का, डावा पाय फारसा वापरतात का?" एरवी हसले असते. ते हसले नाहीत. कपाळ घामाने भिजलेलं होतं आणि पंखा तर डोक्यावर गरगरत होता. मी ताईला सांगितलं. ताईने दुधाचा पेला आणून पुढे ठेवला. दाजींनी तो माझ्याकडे सरकवला.

त्याच आठवड्यात ते साहेब दुसऱ्या पँटचं माप द्यायला आले, कारण पहिल्या कापडाचं 'मशीनमधे काहीतरी झालं' असं आम्ही कळवलं होतं. साहेब आरशासमोर उभे राहिले. पोट आत. दाजींनी टेप कमरेभोवती घातली आणि थांबले. साहेब श्वास धरून. दाजी थांबलेले. दुकानात रोजचाच खेळ चाललाय असं समजून मी बटणं लावत होते. शेवटी साहेबांनी श्वास सोडला, पोट पुढे आलं आणि दाजी त्या पोटावर डोकं टेकून हळूहळू खाली बसले.

साहेब घाबरून हात वर करून उभे. कुणी बंदूक रोखली असती तरी एवढे ताठ उभे राहिले नसते. मी धावले. दाजींचं अंग गार, सदरा घामाने ओला, डोळे उघडे पण माझ्याकडे बघून ते कोटाचंच बरळले, "खांदा उतरतोय. बकरम घाल." मी ओरडले. ताई पडदा फाडत आली, खरंच फाडला, अजून शिवलेला नाही. तिने आधी त्यांना गिळता येतंय का बघितलं, मग पेलाभर पाण्यात साखर ढवळून घोट घोट पाजली. ज्या साखरेसाठी चार वर्षं ती त्यांच्याशी भांडली, ती साखर स्वतःच्या हाताने भरवत होती आणि रडत होती. थोड्या वेळाने दाजींनी इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाले, "साहेबांचं माप लिहिलं का?"

मी आयुष्यात पुष्कळ लोकांवर चिडले आहे, पण त्या दिवशी दाजींवर चिडले तेवढी कुणावर नाही. भीती वाटली होती मला. हा माणूस गेला तर ताईचं काय, माझं काय, हे सगळं त्या पेलाभर पाण्याच्या वेळात डोक्यातून गेलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आवाज चढवला नाही, पण शब्द असे टोचले की दाजी खुर्चीत लहान झाले. वजन एकोणनव्वद भरलं होतं. "मी नव्वद सांगितलं होतं ना? तुम्ही पोचलात! पोचून पुढे धावत सुटलात. कशासाठी?"

"बासष्टसाठी," दाजी पुटपुटले.

"बासष्ट कुणी सांगितलं?"

बाईंनी गोळी कमी केली, वेळेवर जेवायला बजावलं आणि ताईकडे बघून म्हणाल्या, "साखर अशी उसळून वर आणि धपकन खाली जात राहिली तर डोळ्यांना मी काही करू शकणार नाही. आणि कात्री हातात असताना चक्कर आली तर डोळ्यांपर्यंत पोचायची वेळही येणार नाही. हा कोट कुठाय तो एकदा बघायला हवा मला."

रिक्षातून उतरून दुकानात शिरताना दाजी हळूच म्हणाले, "अजून तीन महिने आहेत. बेतानं केलं तर..."

ताई वळली. तिने त्यांच्या खिशात हात घातला, किल्ली काढली आणि सरळ कपाट उघडलं. इतक्या वर्षांत त्या कपाटाला तिने हात लावलेला मी बघितला नव्हता. कोट हँगरसकट ओढून तिने माझ्या अंगावर टाकला. "धर. याची फडकी कर. इस्त्रीचं टेबल पुसायला होतील."

"अगं, अगं," दाजी उठायला लागले.

"बसा तिथंच!"

कोट माझ्या मांडीवर पडला होता. काजवालीचा हात तो. कुठलाही कोट हातात आला की माझा अंगठा आधी काजावर जातो, धागे सुटलेत का बघायला. तसा गेला आणि अडला. मी पुन्हा ढकलून बघितला. मग कोट उजेडाला धरला.

काज म्हणजे काय, तर मशीनवर आधी चारी बाजूंनी टाके घालायचे आणि मग मधला काप ब्लेडने द्यायचा. काप दिला की बटण आत जातं. या कोटाची दोन्ही काजं सुंदर बेतलेली होती, टाक्याला टाका लागलेला, आणि दोन्हींना मधला कापच नव्हता. कधी दिलाच नव्हता. या कोटाचं बटण लागलं नव्हतं. दीड महिन्यापूर्वी नाही आणि तीस वर्षांपूर्वीही नाही.

मला एकदम हसू फुटलं. वेळ हसायची नव्हती, कळत होतं, पण आवरेना. "दाजी! अहो, हे काज न कापलेलं आहे! अंगासरशी बसायचा म्हणे! लग्नात याचं बटणच लागलं नव्हतं तुमचं!"

दाजींनी माझ्याकडे बघितलं नाही, ताईकडे बघितलं.

"मला माहीत आहे," ताई म्हणाली.

आता माझं हसू थांबलं.

"फोटोवाला म्हणाला नव्हता का, कोटाचं बटण लावा?" ताई त्यांना म्हणाली. "तुम्ही म्हणालात, हल्ली उघडा ठेवायची फॅशन आहे. कान लाल झाले होते तुमचे. बघा तो फोटो. मी अशी तिरकी, तुमच्या पुढ्यात निम्मी आलेली का उभी आहे? आणि फुलांचा गुच्छ स्वतःच्या पुढे धरायचा सोडून तुमच्या पोटापुढे का धरलाय? आई नंतर मला बोललीसुद्धा, की लाजायचं सोडून नवऱ्याला झाकून उभी राहिलीस."

फोटो मागच्या खोलीत पलंगाच्या वर लावलेला आहे. मी तो हजारदा बघितला असेन. मला नेहमी वाटायचं, काय हौस ताईला पुढेपुढे करायची.

"माप कुणी घेतलं होतं कोटाचं?" ताईने विचारलं.

"मीच," दाजी म्हणाले. "माझं माप दुसरं कोण घेणार?"

"आरशासमोर?"

दाजींनी मान खाली घातली. मग टेपशी चाळा करत म्हणाले, "लग्नाच्या सकाळी घातला तेव्हा कळलं. उसवायला वेळ नव्हता. म्हटलं, आठवडाभरात उतरेल पोट, मग काप देऊ काजाला."

"तीस वर्षं झाली तुमच्या आठवड्याला," ताई म्हणाली. आणि इतका वेळ धरलेलं तिचं सगळं अवसान गेलं. ती कापडाच्या गठ्ठ्यावर बसली. "अहो, त्या कोटातला माणूस मी कधी बघितलेलाच नाही. तो कसा दिसतो मला माहीत नाही. मी लग्न केलं ते बाहेर राहिलेल्याशी. त्याचे डोळे मला हवेत. तुम्ही कुणासाठी उपाशी राहताय?"

दाजींचे खांदे गदगदायला लागले. मला वाटलं रडताहेत. जवळ जाऊन बघते तर हसत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हसत होते. "छत्तीस छाती म्हणजे बासष्ट किलो," ते म्हणाले. "त्या बाईला मी असं तोंडावर सांगितलं गं. आणि छाती फुगवून मोजलेली, पोट आत घेऊन मोजलेलं. बासष्ट किलोंचा माणूस कधी नव्हताच की."

"डॉक्टरीणबाईंना सांगू का?" मी विचारलं.

"तू सांगितल्याशिवाय राहणार आहेस का?"

सांगितलंच मी. बाई इतक्या हसल्या की पुढचा पेशंट दारातून डोकावला. मग म्हणाल्या, "मग आता आपलं नव्वदच. ते कुणी श्वास धरून मोजलेलं नाही."

जेवण ताटात परत आलं, कोबी गेला. दाजी चालायला जात राहिले, लोकांच्या कपड्यांना नावं ठेवत राहिले. यंत्र कधी एकोणनव्वद म्हणायचं, कधी नव्वद. एकदा एक्याण्णव म्हणालं तर दाजी त्याच्याशी भांडून आले, पण त्या रात्री जेवले मात्र नीट.

वाढदिवसाला महिना राहिला तेव्हा ताईने पेटीतून कापड काढलं. गडद निळंच. दाजींनी टेप उचलली आणि आरशाकडे वळले. ताईने ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"तुला माप घेता येतं का?" दाजी म्हणाले.

"तीस वर्षं पडद्याआडून बघतेय. हात बाजूला घ्या."

दाजी उभे राहिले. टेप कमरेभोवती आली आणि पोट आत गेलं. हे त्यांनी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही, साहेबांचंही जायचं तसंच गेलं. ताई टेप धरून थांबली. दाजी आरशात वर कुठेतरी बघत होते. ती थांबली. मी सुई खाली ठेवली. दाजींचे कान लाल व्हायला लागले.

"श्वास सोडा," ताई म्हणाली.

दाजींनी सोडला. पोट जागेवर आलं. ताईने आकडा मोठ्याने वाचला आणि माझ्याकडे बघितलं. मी लिहून घेतला. दाजी म्हणाले, "अर्धा इंच कमी लिही." मी लिहिला नाही.

कोट त्यांनीच शिवला. सुईत दोरा मी ओवून दिला, ते आता ठरलेलंच आहे. मधे एकदा डोळे पुन्हा तपासून झाले होते. ठिपके तेवढेच होते, वाढले नव्हते. ते ऐकून दाजी फक्त "बरं" म्हणाले आणि वाटेत ताईचा हात धरून रस्ता ओलांडला. एरवी ते तिच्या दहा पावलं पुढे चालतात.

लग्नाच्या वाढदिवशी सकाळी नवा कोट इस्त्रीच्या टेबलावर तयार होता. काजं मी घातली होती, कापायची राहिली होती. मी ब्लेड उचललं तर दाजी म्हणाले, "थांब." त्यांनी कोट अंगात घातला, दोन्ही कडा पुढे आणून एकावर एक धरल्या आणि सावकाश एक श्वास घेतला आणि सोडला. कडा जागच्या हलल्या नाहीत. मग त्यांनी कोट काढून माझ्यापुढे ठेवला. "काप," ते म्हणाले. मी दोन्ही काजं कापली.

फोटो काढायला चष्मेवाल्याला बोलावलं होतं, त्याच्याकडे चांगला कॅमेरा आहे. त्याने दोघांना दुकानाच्या दारात उभं केलं. ताईच्या हातात मी फुलांचा गुच्छ दिला. तो कॅमेऱ्यातून बघत म्हणाला, "मास्तर, कोटाचं बटण लावा."

दाजींनी बटण लावलं. ताई सवयीने तिरकी होऊन त्यांच्या पुढ्यात आली होती, गुच्छ त्यांच्या पोटापुढे. तिने खाली बघितलं, बटण बघितलं, आणि बाजूला सरकून उभी राहिली.